एकोणीस ओळींचे लेबल

औषधाने रोगी बरा होतो की नाही, याबद्दल दुमत असू शकते. लेबलाने कंपनी बरी राहते, याबद्दल नाही.

हैदराबादेत तारनाक्याच्या कुसुमताईंकडे दर महिन्याला यजमानांची बीपीची गोळी पार्सलने येई. घरात तिचे नाव 'निळी'. फोनवरून मागवायची सून शर्वरी. 'सूचना वाचल्या' या चौकोनात टिकही तीच करी. (शर्वरीचे माहेर पुण्याचे. ती न वाचता टिक करणार नाही, असा कुसुमताईंचा विश्वास.)

या महिन्यात पार्सलवाला पोरगा पाकीट घेऊन दारात आला.

"अम्मा, ओटीपी बोलो."

"पैले गोली तो देखने दे रे!"

"गोली नक्को देखो अम्मा, ओटीपी देखो."

गोळी पांढरी निघाली. लेबल मात्र सर्वांगसुंदर. कंपनीचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, गोदामाचा परवाना क्रमांक, परवाना देणाऱ्या कार्यालयाचा जावक क्रमांक, उन्हात ठेवू नये, ओलीत ठेवू नये, मुलांच्या हाती देऊ नये, रुग्णाचे नाव, वय, वजन (अंदाजे), जुनी गोळी बंद करून तिच्याऐवजी ही घ्यावी, पाकीट फाटलेले असल्यास स्वीकारू नये, फाडल्यास परत करता येणार नाही, लेबल जपून ठेवावे, वाद झाल्यास न्यायक्षेत्र हैदराबाद, वगैरे. अक्षरे मुंगीच्या पायाएवढी. (काय काय छापावे हे नियमात होते, केवढे छापावे हे नव्हते.)

"अहो, बघा बरं जरा."

नामदेवराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी भिंग घेतले, जावक क्रमांकापर्यंत पोचले आणि समाधानाने म्हणाले, "सगळं कायद्याला धरून आहे."

"पण ही पांढरी कशाला?"

"डॉक्टरांनी वाढवली असेल."

"मग निळी बंद?"

"निळीनं काय घोडं मारलंय?"

बारा निळ्या शिल्लक होत्या. औषध फेकायची या घरात रीत नाही. कुसुमताई रोज दोन्ही देऊ लागल्या.

चौथ्या दिवशी दिलसुखनगरला दुकानात चप्पल घालून बघायला नामदेवराव बसले, ते उठलेच नाहीत. दवाखान्यात बीपी इतके खाली भरले की नर्सने मशीन बदलून पाहिले.

"दोन-दोन गोळ्या कुणी दिल्या?" डॉक्टरांनी विचारले.

"मीच," कुसुमताई म्हणाल्या. "ह्याच हातानं." पुढचे दोन दिवस त्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी तो हात पदराखाली धरून बसल्या.

नामदेवराव वाचले. शर्वरीने तक्रार केली. कंपनीने रीतसर चौकशी करून कळवले, की लेबलात दोष नाही. आवश्यक सूचना बाराव्या ओळीत आहे. 'वाचल्या'वर टिक आपल्याच घरून झाली आहे. (शर्वरीने त्यानंतर सासऱ्यांचे भिंग मागून घेतले.) तरीही रुग्णहितास्तव यापुढे विसावी ओळ छापली जाईल: 'वरील सर्व ओळी वाचाव्यात.'

"बारावी ओळ कुणाला दिसणार होती हो?" कुसुमताई अजून विचारतात.

कंपनीच्या मते कोणत्याही सुशिक्षित वाचकाच्या नजरेतून ती सुटणे अशक्य आहे. वर या गोष्टीतही ती जशीच्या तशी आहे, वजन आणि फाटलेले पाकीट यांच्यामध्ये. म्हणजे कुसुमताई दुसरी गोळी काढत होत्या, तेव्हा आपण वाचकांनी त्यांना हाक मारलीच असणार.