हवा चाळीस, वेग पंधरा

आबासाहेबांनी लोकर वाहायला मोटारीमागे जोडायचा दोनचाकी गाडा आणला आणि महिन्याभरात त्याचे दोन टायर फुटले. तिसरा टायर बसवताना त्यांनी ज्ञानबा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिठ्ठी चिकटवली: हवा चाळीस, वेग पंधरा. हाही फुटला तर परत बैलगाडीवर, एवढं तोंडी सांगितलं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ज्ञानबा बैलगाडीच हाकत होता. आता त्याची बायको सोजरबाई गल्लीभर ड्रायव्हरीण म्हणून मिरवत होती. तिला काय तोंड दाखवणार?

म्हणून त्या दिवशी मंद्रूपहून लोकर भरून सोलापूरला निघताना त्याने काटा लावून हवा मोजली. बरोबर चाळीस. लोकरीचा धनी बिरप्पा गाठोड्यांवर बसला होता. बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजवण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. त्याने खाली वाकून टायरवर दोन थापा मारल्या आणि तोंड वाकडं केलं.

"ज्ञानबा, लई ढिलं हाय की. बद्द वाजतंय."

"मामा, ते वाजवायला न्हाय."

दोन-तीन मैलांवर इंजिन तापलं. ज्ञानबा विहिरीवरून पाणी घेऊन येतो, तर बिरप्पा टायरला पंप मारतोय. ज्ञानबाने जास्तीची हवा सोडली. पुढे पुन्हा इंजिन तापलं, पुन्हा तेच. उन्हात आतली हवा फुगते, हे त्याने परोपरीने समजावलं. बिरप्पा म्हणाला, ढोलसुद्धा शेकल्याशिवाय वाजत नाही. तिसऱ्या खेपेला ज्ञानबा इतका दमला होता की त्याने हवा मोजलीच नाही. वेग तेवढा इमानाने पंधरावर ठेवला.

अर्ध्या मैलावर टायर फुटला. गाडा डावी-उजवीकडे झोकांड्या खात कडेला थांबला. आवाज विरेपर्यंत बिरप्पा कान देऊन ऐकत राहिला.

"वाईच जादा झालं," तो म्हणाला.

ज्ञानबा धुळीतच बसला. त्याला खरोखर रडू येत होतं. जादा चाक नव्हतं. बिरप्पालाही वाईट वाटलं असावं. त्याने आपलंच एक गाठोडं सोडलं, आणि दोघांनी तासभर खपून टायरात लोकर ठासली, वरून सुंभाने आवळली. आता एक चाक हवेवर, एक लोकरीवर. वेग पाचाच्या वर गेला की गाडा आडवा व्हायला बघायचा. मंद्रूपहून बऱ्याच उशिरा निघालेला ओळखीचा गाडीवान ईरप्पा बैलगाडी घेऊन मागून आला, बरोबरीने चालत थोडा वेळ गप्पा मारल्या, कंटाळला आणि बैल पळवत पुढे निघून गेला.

सोलापुरात पोचेतो दिवे लागले. आबासाहेब दारातच उभे होते. ज्ञानबा तोंड उघडायच्या आत बिरप्पाने मोठ्या अभिमानाने सगळी हकीकत सांगून टाकली. आबासाहेबांनी टायर दाबला, त्याला एक लाथ मारून पाहिली.

"फुटंल का ह्यो?"

"आता काय फुटतंय?" बिरप्पा म्हणाला.

आबासाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी चिठ्ठीवरचे चाळीस खोडले, पंधराचे पाच केले.

"ज्ञानबा, उद्या बाकीच्या पाचबी चाकांत लोकर भर. तुजी ड्रायव्हरकी पक्की."

ज्ञानबाने मोटारीची चार आणि गाड्याची दोन अशी सहाही चाकं पाहिली. उद्याचा, परवाचा, जन्मभराचा मंद्रूपचा रस्ता त्याच्या डोळ्यांपुढे आला.

"मालक," तो म्हणाला, "बैल कुटं बांदलेत?"