फॉरेनचा व्याही

"फोटो कशाला पाठवतोस? फॉरेनचा माणूस मी दुरून ओळखतो!" असं म्हणून पहूरच्या मोतीलालआबांनी मुलाचा फोन ठेवलासुद्धा.

मुलगा प्रेमराज मॉरिशसला नोकरीला. तिथलीच मुलगी त्यानं पसंत केलेली. आज मुलीचे वडील घर बघायला येणार होते, आणि त्यांना घर पटलं तरच लग्न! परका माणूस आपल्यात रमेल का, या काळजीनं आबांची झोप उडाली होती. पण कबूल करतील तर ते आबा कसले!

जळगाव स्टेशनवर आबा हार घेऊन उभे. गाडीतून साधा सदरा घातलेला एक सावळा गृहस्थ उतरला आणि नेमका समोर घुटमळायला लागला. आबा खेकसले, "ओ नाना, व्हा बाजूला! फॉरेनचे पाहुणे यायचेत!"

बिचारा हसून बाजूला झाला.

मागोमाग उतरला एक गोरापान माणूस, पाठीवर ही भलीमोठी सॅक! चेहरा इकडचा नाहीच! आबांनी हार घातला, सॅक हिसकावली आणि त्याला बाहेर उभ्या आपल्या गाडीत कोंबलं. त्यानं तोंड उघडलं की आबा ओरडायचे, "नो टॉक! फर्स्ट ईट!" वाटेत शेतं दिसली की, "बनाना! कॉटन!" पाहुणा नुसता मान डोलवतोय.

घरी आबांच्या पत्नी यशोदाबाईंनी शेवभाजी वाढली. पाहुण्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाला, "काकू, फक्कड झालीय! थोडा रस्सा वाढता?"

"अहो, हाऊ पाहुना तं मराठी बोलस!" यशोदाबाई किंचाळल्या.

"मी लालरिना. मिझोरमचा. जळगावला बँकेत असतो."

"मग आधी सांगायचं ना!" आबा गरजले.

"तुम्ही बोलू दिलंत कुठे, काका?" तो ओशाळून हसला. "आणि खरं सांगू? दोन वर्षांत मला घरी जेवायला कुणी बोलावलंच नव्हतं. म्हटलं, जेवून मग सांगू."

यशोदाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी अख्खं पातेलंच पुढे ठेवलं. आबांनी मात्र कपाळावर हात मारला. "अगं, पण व्याही कुठंय? मोडलं लग्न!"

तेवढ्यात दारात स्टेशनवरचा तोच सदरा!

"नमस्कार, मी सुकदेव. प्रेमराजचा होणारा सासरा. एस.टी.नं आलो."

आबांच्या तोंडचं पाणीच पळालं. "तुम्ही? मराठी?"

"पणज्यापासून मॉरिशसला आहोत, पण घरात मराठीच."

"अहो, मग स्टेशनवर बोलला का नाहीत?"

"तुम्ही फॉरेनच्या पाहुण्यासाठी उभे होतात. मी तर गावी आलो होतो!"

आबांनी मान खाली घातली. सुकदेवराव मात्र लालरिनाच्या ताटाकडे बघत होते. सगळा प्रकार कळल्यावर ते पोट धरून हसले आणि मग हळूच म्हणाले, "मला पोरीची फार काळजी होती हो. इथं चुकून आलेलाही असा पोटभर जेवतो. पोरगी सुखात राहील."

लालरिनानं गळ्यातला हार काढून त्यांना घातला. आबा गहिवरून भाषणाला उभे राहिले, "आजपासून या घरात परकं कुणी..."

"आते तुम्ही व्हा बाजूले!" यशोदाबाई ताट घेऊन आल्या. "पाहुनास्ले बसू द्या!"