स्टिअरिंग हातात, ओजिमा मैदानात

"अगं, स्टिअरिंग बदलणं म्हणजे बरणीचं झाकण बदलण्याइतकं सोपं!" शनिवारी मी सिंधूला छाती फुगवून सांगितलं. "सहा बोल्ट, एक वायर. उद्या दहा वाजता मोरिता-सान गाडी चालवत असतील बघ!"

"आपल्या घरात बरण्या मी उघडते," सिंधू म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. थोर माणसांना घरातून पाठिंबा कधीच मिळत नसतो!

मोरिता-सान म्हणजे इथे जपानात, ओजिमाच्या आमच्या चौदामजली इमारतीत आमच्या बरोब्बर खाली राहणारे आजोबा. एकटेच असतात. वय एकोणऐंशी. खोक्यांतून सुटे भाग मागवून त्यांनी नऊ वर्षांत स्वतःच्या हातांनी एक हिरवी, दोन माणसांची, बिनछपराची गाडी जोडली होती. दर शनिवारी मी त्यांना पाने-पक्कड द्यायला जायचो. गाडी पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं! पासिंगला गाडी मेकॅनिक घेऊन गेला.

आता ती गाडी बाथटबसारखी बुटकी. आत बसायचं तर स्टिअरिंगखालून पाय दुमडून घालायला हवेत, आणि मोरिता-सानांचा गुडघा काही केल्या दुमडेना. त्यात येत्या शुक्रवारी त्यांना ऐंशी पूर्ण होणार. त्या दिवशी लायसन्स परत करीन, असा शब्द त्यांनी सप्पोरोच्या लेकीला दिलेला. म्हणजे नऊ वर्षं गाडी जोडली, आणि चालवली एकदाही नाही! त्यांनी तक्रार केली नाही. नुसते रोज संध्याकाळी येऊन गाडीवरची धूळ पुसायचे. ते मला बघवेना.

म्हणून मी झटक्यात निघणारं स्टिअरिंग मागवलं. कडं मागे ओढलं की अख्खं चाक हातात येतं, माणूस ऐसपैस आत बसतो, मग चाक पुन्हा खटकन बसवायचं. रेसवाले वापरतात.

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. मोरिता-सानांचे हात थरथरतात, म्हणून ते स्टुलावर बसून सूचना देत होते. मी कावासाकीच्या एका कंपनीत सात वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, पण माझं जपानी अजून दुकानात पिशवी नको म्हणण्यापुरतंच. त्यामुळे ते जे जे म्हणतील त्याला मी "हाय, हाय!" म्हणत होतो. जपानीत हाय म्हणजे हो. हॉर्नच्या वायरकडे बोट दाखवून ते काहीतरी तीनदा म्हणाले. मी तीनदा "हाय!" म्हटलं. "त्या उघड्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळ," असं ते सांगत होते, हे मला नंतर कळलं. मराठीत हाय-हाय कशाला म्हणतात, तेही नंतरच कळलं!

बरोब्बर दहाला चाक बसलं. हॉर्न दाबून पाहिला. पीं! झकास! मोरिता-सान वर जाऊन नवी टोपी घालून आले. मी ऐटीत कडं ओढलं, चाक हातात घेतलं, आणि आजोबा पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत बसले. मग त्यांनी चार पट्ट्यांचा सीटबेल्ट आवळला आणि माझ्याकडे मान वळवली.

मीही गहिवरलो. नाक पुसून चाक बसवायला पुढे झालो, आणि वायरचं उघडं टोक लोखंडाला लागलं.

पींऽऽऽऽऽऽऽ!

चाक माझ्या हातात, तरी हॉर्न चालू! मी वायर बोटाने बाजूला सारायला गेलो, तर ती उंदरासारखी स्टिअरिंगच्या दांड्याच्या पोकळीत आत पळाली. दोन्ही बाजूंना चौदा-चौदा मजल्यांच्या भिंती. आवाज असा घुमत होता की जणू आगबोट पार्किंगमध्ये शिरली आहे!

"बॅटरी! बॅटरी काढा!" मी ओरडलो. बॅटरी मोरिता-सानांच्या सीटमागे होती.

"बॅटरी नवीन आहे!" ते प्रसन्नपणे म्हणाले. आवाजाचा त्रास नको म्हणून त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. मी हॉर्नची चाचणी घेतोय, असाच त्यांचा समज!

तेवढ्यात वरच्या गॅलऱ्यांमध्ये दारं उघडायला लागली. आमच्याकडे त्या मोठ्या भूकंपापासून प्रत्येक दाराशी एक पिशवी तयार असते. पाणी, विजेरी, बिस्किटं. आणि न थांबणारा भोंगा म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. जिन्यातून पांढरी हेल्मेटं उतरायला लागली! आजी उतरल्या, आजोबा उतरले, एक बाई मांजर पिंजऱ्यात घालून उतरल्या. सगळे शिस्तीत, रांगेत, समोरच्या मैदानाकडे निघाले. रहिवासी संघाच्या अध्यक्ष निशिमुरा-सान कर्णा घेऊन सर्वांत पुढे.

मोरिता-सानांना वाटलं, एवढी माणसं आपली गाडी बघायला आली! त्यांचे डोळे भरून आले. बसल्या जागी टोपी काढून ते प्रत्येकाला वाकून नमस्कार करायला लागले. आणि जपानी माणसं ती! भूकंप असला म्हणून काय झालं, जाता जाता सगळ्यांनी उलट नमस्कार केला!

शेवटी सिंधू आली. एका खांद्यावर आमची पिशवी, पासपोर्ट तोंडात, दोन्ही हातांत कुकर!

"दोन शिट्ट्या झाल्यात!" पासपोर्ट दातांत धरूनच ती ओरडली. "भूकंप कुठाय?"

मी चाक वर करून दाखवलं.

तिने चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कुकर खाली ठेवला. सरळ मोरिता-सानांच्या खिशातून यंत्र काढून त्यांच्या कानात घातलं. ते ताडकन उडाले. "हॉर्न!" म्हणाले, आणि कोपराजवळची एक लाल कळ फिरवली.

शांतता! बॅटरी बंद करायची ती कळ त्यांनीच कधीकाळी बसवलेली. मी सोडून सगळ्यांना दिसण्यासारखी.

मग मी मैदानात गेलो आणि चाक छातीशी धरून दोनशे माणसांपुढे कंबरेत वाकलो. सिंधूने तिच्या सफाईदार जपानीत सगळी हकिकत सांगितली. गुडघा, लेक, शुक्रवार, सगळं. कुणी रागावलं नाही. निशिमुरा-सानांनी कर्ण्यातून जाहीर केलं, "सहा मिनिटं चाळीस सेकंद! मागच्या सरावाला अकरा लागली होती!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

एवढ्यात चौकीवरचा तरुण हवालदार सायकलवरून आला. त्याने गाडी नीट पाहिली. वायर आत गेल्याने चाकापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे आता हॉर्न वाजवताच येत नव्हता. "हॉर्नशिवाय गाडी रस्त्यावर नेता येणार नाही," तो हळूच म्हणाला. "माफ करा."

मोरिता-सान म्हणाले, "बरोबर आहे." आणि बेल्ट सोडायला लागले. हात थरथरत होते, बक्कल सुटेना. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"मैदान म्हणजे रस्ता नव्हे ना?" निशिमुरा-सानांनी विचारलं.

हवालदाराने बराच विचार केला. "नव्हे. पण मैदानात माणसं आहेत."

"माणसं बाजूला होतील," असं म्हणून त्यांनी कर्णा उचलला.

दोनशे हेल्मेटं कडेला सरकली. मोरिता-सानांनी स्वतः चिमट्याने वायरचं टोक धरून त्याला चिकटपट्टी लावली, चाक खटकन बसवलं, तीनदा ओढून पाहिलं, कळ फिरवली. इंजिन खाकरलं आणि सुरू झालं. मी शेजारी बसलो होतो. पायी चालणाऱ्याच्या वेगाने आम्ही एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला त्यांनी वेग वाढवला आणि टोपी उडाली. मांजरवाल्या बाईंनी धावत जाऊन ती उचलली. आजोबांचे हात चाकावर अजिबात थरथरत नव्हते.

गाडी थांबवून त्यांनी चाक काढलं, सावकाश उतरले, आणि ते माझ्या हातात ठेवलं. "खासनीस-सान, आता गाडी तुमची. चालवा!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. हवालदारसुद्धा हसत जवळ आला. "लायसन्स आहे ना?"

मी सिंधूकडे पाहिलं. सिंधूने कुकरकडे पाहिलं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. पुण्यात मी जन्मभर स्कूटर चालवली हो! चारचाकी मला येतच नाही. सात वर्षांत कुणी विचारलं नाही, मग मी तरी आपणहून कशाला सांगू?