मोटारमहालास छत्री जोडिली त्याची हकिकत

श्री. जो स्वतः दिसत नाही आणि सर्व काही दाखवितो, त्यास आधी नमस्कार. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघमासी तळ्याकाठच्या मुक्कामी जे वर्तमान घडले ते, कोणाच्याही सांगण्यावर भरवसा न ठेविता, डोळ्यांनी पाहिले तितकेच लिहिले असे.

श्रीमंत हैबतराव महाराज राज्य करीत असत. त्यांस कन्या एकच, तुळजाऊ, आणि तीस कुस्तीचा नाद. ते महाराजांस रुचले नाही. त्यांनी आखाड्यास कुलूप घातले, आणि कन्या रुसून परमुलखी मामांकडे गेली, आणि तेथे मेहनत करून मोठ्या दंगलीत शेवटच्या कुस्तीस येऊन ठेपली, आणि ती कुस्ती टीव्हीवर दाखविणार अशी बातमी राजवाड्यात पोचली. मग महाराजांस एकाएकी हवापालटाची गरज भासली. मोटारमहाल, म्हणजे चाकांवरचे घर, सिद्ध करविले. आत पलंग, शेगडी, टीव्ही, सर्व होते. फक्त आकाशातून चित्र उतरविणारी छत्री राजवाड्याच्या गच्चीवरच राहिली. राणीसाहेब गिरजाबाई काय ते उमजल्या. उचलून नेता येईल अशी लहान छत्री गुपचूप खरीदली आणि गोधड्यांखाली घालून बरोबर आणिली.

तळ्याकाठी वडाखाली मुक्काम पडला. कुस्तीचे दिवशी दुपारी जेवणे उरकली, आणि राणीसाहेबांनी गोधड्या दूर सारिल्या, तो महाराजांचा चेहरा उतरला.

"हे कधी घेतले?"

"आपणांस हवापालट सुचला तेव्हाच," राणीसाहेब म्हणाल्या, आणि कारभारी गंगो मुकुंद यांस छत्री जोडावयाची आज्ञा केली. कारभाऱ्यांनी तिपाई उभी केली, छत्रीचे तोंड दक्षिणेस किंचित पूर्वेकडे वळविले, तिची वायर खिडकीतून आत घेऊन सेट टॉप बॉक्सास लाविली, आणि बॉक्स टीव्हीस जोडिला, आणि हात जोडून टीव्ही सुरू केला. पडदा निळा. वरती ‘सिग्नल नाही’ इतकीच अक्षरे. मग कारभारी बाहेर जाऊन पाहतात तो छत्रीच्या मागील वायरची पिन सैल होऊन लोंबत होती. ती त्यांनी स्वहस्ते आवळून बसविली होती. परत येऊन त्यांनी मान खाली घालून तसे विदित केले.

"मघाशी छत्रीमागे कोण गेले होते?" राणीसाहेबांनी विचारिले.

"खासा सरकार गेले होते. पान थुंकावयास, असे म्हणाले."

"सरकार पान खात नाहीत."

महाराज तळ्याकडे तोंड फिरवून म्हणाले, "मीच सैल केली. ती पोर उचलून आपटली जाईल. ते मला बघवायचे नाही."

"नसेल बघवत तर डोळे मिटून बसा. मला का आंधळी करता?"

कारभाऱ्यांनी पिन पुन्हा आवळिली. तरी पडदा निळाच. आता राणीसाहेबांनी महाराजांकडे पाहिले, कारभाऱ्यांनीही पाहिले, आणि महाराज काकुळतीस येऊन म्हणाले, "देवाशपथ, आता मी हात लाविला नाही. हा वड आडवा येतो आहे. छत्रीसमोर आकाश मोकळे पाहिजे."

"आता झाडावर ढकलता?"

"बाईसाहेब," कारभारी चाचरत म्हणाले, "वड दक्षिणेसच आहे खरा." परंतु राणीसाहेबांस त्यांचाही संशय आला, दोघे एक झाले असतील म्हणून. शेवटी त्यांनी छत्री स्वतः उचलिली, महाराजांस रिकाम्या हातांनी पुढे चालविले, आणि वायर पुरेल तितक्या दूर, उघड्या खडकावर नेऊन ठेविली. आतून कारभारी ओरडले, "आले! चित्र आले!" इतक्यात तळ्यावरून वारा सुटला आणि तिपाई कलंडली, आणि चित्र गेले. खडकात मेख ठोकता येईना. दोर बांधावयास जवळ काही नाही. कुस्तीची वेळ तर झाली. मग महाराज पुढे झाले, खडकावर गुडघे टेकिले, आणि दोन्ही हातांनी तिपाई घट्ट धरिली.

"सोडणार तर नाही ना?" राणीसाहेबांनी विचारिले.

"जा तुम्ही. सुरू होईल."

राणीसाहेब आत गेल्या, मात्र कारभाऱ्यांस महाराजांवर नजर ठेवावयास बाहेर पाठविले. कुस्ती लागली. महाराजांस दिसे काही नाही. खिडकीतून गलका तेवढा ऐकू येई. वाऱ्याने पागोटे उडून तळ्यात पडले, त्यांनी हात काढिला नाही. एकदा आत राणीसाहेबांनी किंकाळी फोडिली, आणि महाराजांचे ओठ पांढरे पडले.

"पडली का? गंगोबा, सांगा, पडली का?"

कारभारी धावत जाऊन पाहून आले. "सरकार, खाली गेल्या होत्या. पण पाठ लागू दिली नाही. डोके आणि पाय टेकून अंगाचा पूल केला, त्यावर तोलून पुन्हा उठल्या."

महाराजांच्या डोळ्यांस धारा लागल्या. हात मोकळे नव्हते, म्हणून त्या तशाच वाहू दिल्या. मग आत मोठा गजर झाला, आणि दार उघडून राणीसाहेब अनवाणी खडकावर आल्या, आणि म्हणाल्या, "जिंकली. पुन्हा दाखविताहेत." आणि महाराजांची बोटे एक एक करून सोडविली आणि तिपाई आपल्या हाती घेतली. "जा आत. समोर बसून बघा. आणि तेथील कशास हात लावू नका."

महाराज आत गेले, आणि हात मांडीखाली दाबून बसले, आणि कन्येस पाहिले.

सारांश, दुसरे दिवशी कूच जाहले ते मामांच्या गावाकडे. महाराजांनी आपण होऊन तो रस्ता धरविला. राणीसाहेबांस मनापासून आनंद जाहला, परंतु ती वायर त्यांनी गुंडाळून उशाखाली घेतली, आणि अद्यापि तेथेच आहे. इति.