नमुन्याची ओळ

पाच संस्था, तीन महिने, अकरा बैठका. आणि एकाही एकट्या म्हाताऱ्याचं दार अजून कुणी वाजवलं नव्हतं. एकट्या वृद्धांची विचारपूस करायला निघालेल्या या संयुक्त उपक्रमाचे समन्वयक होते फाइलकाका. पस्तीस वर्षं हेडक्लार्की करून निवृत्त झालेले, बायको त्याच्याही आधी गेलेली. रविवारी अकराला वरचे साहेब पाहणीला येणार होते आणि काम दिसलं नाही, तर उपक्रम बंद. मग रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचं तरी कुठे, हा काकांपुढचा खरा प्रश्न होता.

शुक्रवारी त्यांनी ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं: तक्ता. कुणाकडे जायचं, कधी, काय न्यायचं. आता नमुन्याची ओळ भरल्याशिवाय काकांनी उभ्या जन्मात तक्ता पाठवला नव्हता. त्यांनी आपल्या आत्याचा पत्ता घातला, 'रविवार, सकाळी दहा, गरम सूप' लिहिलं आणि तक्ता पाचही संस्थांना धाडला. खालच्या ओळी कुणीतरी दुसरं भरेल, असं पाचही संस्थांनी मनापासून मानलं.

रविवारी सव्वादहाला आत्याचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, पण जिभेची धार कायम.

"काय रे, मी गेले अशी आवई कुणी उठवली? जिन्यात चाळीस माणसं उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात सूप."

काका घामाघूम होऊन पोचले, तर जिना रिकामा. वरच्या वळणावर आत्या खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर कुणाकडून तरी घेतलेला तक्ता. समोर संस्थांनी धाडलेल्या स्वयंसेवकांपैकी शेवटचे दोघे उभे होते, एक न्हावी आणि एक प्लंबर. न्हाव्याला तिने तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांकडे पिटाळलं, त्यांची दाढी महिनाभर वाढली होती. प्लंबरला समोरच्या इमारतीतल्या शिवणवाल्या बाईंकडे, नळ गळतोय आणि बोलायला कुणी नाही म्हणून. कोण कुठे एकटं आहे, हे तिला चाळीस वर्षं गॅलरीत बसून तोंडपाठ होतं. अकरा बैठकांना जमलं नाही, ते तिने पाऊण तासात उरकलं.

तेवढ्यात साहेब आले. दोन्ही इमारतींची दारं सताड उघडी, आत गप्पा, वाट्या, हसणं. साहेब बघतच राहिले. हे सगळं कुणी जमवलं, असं त्यांनी विचारलं.

काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण आत्याने आधीच उत्तर दिलं. "ह्यानेच. माणसं गोळा करणं काही खायचं काम नाही."

उपक्रम आणखी तीन वर्षं चालवायचं जागच्या जागी ठरलं. काका छाती पुढे काढून घरी गेले. जिंकलो, असं ते रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणालेसुद्धा.

एक वाजता बेल वाजली. दारात सकाळच्या चाळीसांतल्या एक ग्रंथपाल बाई, हातात सूपचा डबा आणि तक्ता. शेवटच्या ओळीत आत्याचं अक्षर होतं: 'माझा भाचा. दर रविवारी, दुपारी एक. सूप, आणि थोडा वेळ बसणं.'

काकांनी सवयीने ओळ दोनदा तपासली. एकही चूक निघेना. त्यांचे डोळे भरून आले.

"या," ते म्हणाले, आणि दोन वाट्या काढायला आत गेले.