राष्ट्रगीतकालीन गुडघेदुखी

देशाचा मान माणसाच्या गुडघ्यात असतो, ही गोष्ट शरीरशास्त्राच्या एकाही पुस्तकात सापडत नाही. दोष पुस्तकं लिहिणाऱ्यांचा आहे. ते कधी क्रीडा महासंघाच्या बैठकीला बसलेले नाहीत.

महासंघाची फिजिओ मात्र बसली होती. गुडघा चार मुख्य अस्थिबंधांनी बांधलेला असतो, एवढंच तिला कॉलेजात शिकवलं होतं. राष्ट्राभिमान हा पाचवा, हे तिला नोकरीत कळलं.

झालं होतं ते एवढंच. चारशे मीटरच्या उपांत्य फेरीआधी राष्ट्रगीत सुरू झालं आणि सुसाटने डावा गुडघा जमिनीला टेकवला. (सुसाट हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण धावपट्टीवर तिला लांबलचक नावाने हाक मारेपर्यंत ती पुढच्या वळणावर पोचलेली असे.) मान खाली, हात छातीवर. राष्ट्रगीत संपलं, ती उठली, धावली आणि पहिली आली. पण तोवर देशाचा अपमान होऊन गेला होता.

वास्तविक त्या दिवशी मानसन्मानात कुठे कसूर नव्हती. मंचापर्यंत महिनाभरापूर्वी आणलेला नवा लाल गालिचा अंथरला होता (गुंडाळी लांब असल्याने तो रुग्णवाहिकेतून आणावा लागला होता). प्रमुख पाहुण्यांचे पुष्पगुच्छही टवटवीत होते (रुग्णवाहिका वातानुकूलित आहे). अशा मंगल वातावरणात एक गुडघा खाली गेला.

दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक भरली. विषय गंभीर, म्हणून विश्रामगृहातले सोफे मागवले (एकाच खेपेत मावले, गाडी खरंच प्रशस्त आहे). अध्यक्ष, सचिव आणि तज्ज्ञ म्हणून एक निवृत्त कवायतमास्तर अशी समिती त्यांत बुडाली. फिजिओलाही एका कोपऱ्यात जागा मिळाली.

समितीने चित्रफीत पाहिली. निष्कर्ष असा, की राष्ट्रगीताच्या वेळी प्रेक्षकांपैकी निम्मे फोनमध्ये बघत होते, पाव हिस्सा जांभया देत होता, एक गृहस्थ शेजाऱ्याच्या खुर्चीवर रुमाल टाकून ती अडवत होते आणि खुद्द अध्यक्ष खिशात गाडीची किल्ली चाचपत होते. या सर्वांचे गुडघे मात्र सरळ होते. समितीने त्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

"एकच वाकडा निघाला," कवायतमास्तर म्हणाले. "आमच्या वेळी पोरं चक्कर येऊन पडायची, पण पडतानासुद्धा सरळ पडायची!"

"बंदी घालू," सचिव म्हणाले.

"अहो, बंदी घालून पळणार कोण? तुम्ही?" अध्यक्ष खेकसले. "रविवारी अंतिम फेरी. पदक देणारे पाहुणे ठरलेत, पदक घेणारं कुणी नको का?"

समितीपुढे पेच पडला. तो शास्त्रशुद्ध होता, म्हणून फिजिओलाही थोडा आवडला. गुडघा निरोगी असेल, तर तो मुद्दाम टेकला, म्हणजे अपमान, म्हणजे बंदी. गुडघा दुखरा असेल, तर अपमान नाही, पण दुखऱ्या गुडघ्याला धावता येत नाही. समितीला हवा होता राष्ट्रगीतापुरता दुखणारा आणि शर्यतीपुरता बरा होणारा गुडघा. सगळे फिजिओकडे बघू लागले.

"मॅडम, बसेल का असं काही तुमच्या शास्त्रात?" सचिवांनी प्रेमाने विचारलं. "तुमच्या कराराची मुदतही याच महिन्यात संपतेय ना? सहज आठवलं."

घरी तिचे बाबा कोचावर आडवे पडून, पाय उशीवर टाकून टीव्ही बघत होते. पडद्यावर राष्ट्रगीतासह तोच गुडघा पुन्हा पुन्हा दाखवत होते.

"दोन मिनिटं नीट उभं राहता येत नाही या पोरीला!" बाबा गरजले.

"बाबा, राष्ट्रगीत चालू आहे."

"माझी गोष्ट वेगळी. मी घरात आहे," बाबा म्हणाले आणि उशी सारखी केली.

सकाळी फिजिओने सुसाटला तपासणीच्या टेबलावर झोपवलं. गुडघा वाकवला, फिरवला, दाबला, चारही अस्थिबंध ताणून पाहिले. असा सुरेख सांधा तिने फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला होता.

"दुखतो?"

"नाही."

"सूज? कटकट आवाज?"

"अंहं. ताई, एक विचारू?" सुसाट उठून बसली. "परवापासून सगळ्यांनी हाच गुडघा पाहिला. तुम्ही तर आतूनसुद्धा पाहिलात. का टेकला, ते कुणी विचारलंच नाही."

फिजिओचा हात गुडघ्यावरच राहिला.

"आमच्या रिलेतली तिसरी सरावात पडली तेव्हा तुम्ही रजेवर होतात. पाय असा झाला होता तिचा, बघवत नव्हता. आम्ही रुग्णवाहिकेकडे धावलो. ती गालिचा आणायला गेलेली. शेवटी दुधाच्या टेम्पोतून नेली तिला, कॅनच्या मधे बसवून. उशीर झाला. आता चालेल म्हणतात. पळणार नाही." तिने मोजे वर ओढले. "मी सचिवसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, गालिचाही तातडीचाच होता. मग म्हटलं, उभं राहून कुणी ऐकत नाही तर बसून बघू."

"रविवारी काय करशील?"

"गाडी दिसली तर उभी राहीन. नाही दिसली तर पुन्हा गुडघा."

"बंदी घालतील. याच फेरीसाठी चार वर्षं घासलीस ना?"

"तिसरीनेही घासली होती," सुसाट म्हणाली.

दुपारी फिजिओ पुन्हा समितीपुढे आली. या वेळी ती सोफ्यावर बसली नाही.

"निदान झालंय," ती म्हणाली. "राष्ट्रगीतकालीन गुडघेदुखी. ही फक्त राष्ट्रगीत चालू असताना होते. कारण, रुग्णाला समोर रुग्णवाहिका न दिसणं. उपाय, रिकामी रुग्णवाहिका दारं उघडून मैदानात उभी करणं."

"गोळी नाही का एखादी?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"सांसर्गिक आहे?" कवायतमास्तर सोफ्यात किंचित मागे सरकले.

"बाकीच्या मुलींना बारीक कळा सुरू झाल्यात."

समितीने निदान एकमताने स्वीकारलं. सचिवांनी तर त्यातल्या काटेकोरपणाचं खास कौतुक केलं. फिजिओ त्या रात्री शांत झोपली. आपण कुठे चुकलो, हे तिला रविवारी कळलं.

रविवारी रुग्णवाहिका मैदानात उभी होती. धुतलेली, रिकामी, दारं सताड उघडी. राष्ट्रगीत सुरू झालं. सुसाट ताठ उभी राहिली. तिच्यासह आठही जणी ताठ उभ्या राहिल्या. मंचावर अध्यक्षांनी डोळे टिपले. प्रेक्षकांत "सुधारली हो पोरगी!" असं कुणीतरी म्हणालं. शेवटचा सूर विरला.

आणि सचिवांनी हात केला. रुग्णवाहिकेची दारं धाडकन बंद झाली आणि ती पाहुण्यांसाठी थंड पेयं आणायला फाटकाबाहेर गेली. दुखणं राष्ट्रगीतापुरतं, तर औषधही राष्ट्रगीतापुरतंच. शास्त्राच्या बाहेर महासंघ एक पाऊलही टाकत नाही.

सुसाटने फाटकाकडे पाहिलं. मग ती आपल्या पट्ट्यात गेली.

शर्यत सुरू करणाऱ्या पंचाने पुकारलं, "जागा घ्या!"

यापुढचा नियम वाचकांना ठाऊक असेलच. ही हाक आली, की धावपटूने ओणवं होऊन हात रेषेमागे ठेवायचे आणि एक गुडघा जमिनीला टेकवायचा असतो. यात अपमान नाही. नियमपुस्तकात याला प्रारंभाची स्थिती म्हणतात. आठही जणींनी गुडघे टेकले.

"तयार!"

या हाकेला गुडघा उचलायचा असतो. सुसाटचा उचलला गेला नाही. शेजारच्या पट्ट्यातली अर्धवट उठली, तिने सुसाटकडे बघितलं आणि ती पुन्हा खाली गेली. मग तिच्या पलीकडची. पंच पिस्तूल वर धरून उभा राहिला. आठ गुडघे, पूर्ण नियमात, जमिनीवर.

"ऊठ!" प्रेक्षक ओरडू लागले. "पळ! तिकिटं काढलीत आम्ही!" (देशाचं नाव या वेळी कुणी घेतलं नाही.)

अध्यक्ष धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या फिजिओकडे धावत आले. "अहो मॅडम, आता काय? राष्ट्रगीत तर केव्हाच संपलं!"

"रोग बळावला, साहेब."

"मग उपाय?"

"तोच."

पंचाने पिस्तूल दुसऱ्या हातात घेतलं. सगळं मैदान एका गुडघ्याकडे डोळे लावून बसलं होतं, फिजिओ एकटी तेवढी फाटकाकडे बघत होती.

पुढे सुसाट धावली का, आणि कितवी आली, असं ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. तुमच्याही ओठांवर तेच आलं असेल. गाडी परत आली का, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.