सुमोचं वजन

चष्म्याची डबी टक्कन मिटली आणि खोलीतली शांतता मोडली. सून अर्धा तास भिंतीसमोर भाषणाची तालीम करून नुकतीच थांबली होती. सासरे, निवृत्त खेळशिक्षक, डोळे मिटून ऐकत होते. तिला वाटलं होतं, झोपले.

"सुमो म्हणालीस ना?" ते ताठ बसले. "मग आधी नाही का सांगायचं!"

"बाबा, तो कुस्तीवाला सुमो नव्हे हो..."

एवढ्यात दूध उतू गेलं आणि वाक्य तिथेच राहिलं.

तिचा सुमो म्हणजे एक इवलंसं प्रोटीन. ते दुसऱ्या प्रोटीनला चिकटतं आणि त्याचं वागणंच बदलून टाकतं. डोळ्यातल्या कॅन्सरची गाठ त्यामुळेच फोफावते का, हे ती प्रयोगशाळेत शोधत होती. उद्या सकाळी तेच साध्या माणसांना समजावायचं होतं, तेही बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंसमोर. लोकांना कळलं तर कामाला दोन वर्षं मुदतवाढ, नाही तर टेबल रिकामं करायचं. मागच्या भाषणाला चार श्रोते होते, त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आलेला.

सकाळी लेकीचं बोट धरून ती सभागृहाच्या दारात आली आणि थबकली. खुर्च्या गच्च भरलेल्या. दंड असे, की एकेका माणसाला दीड खुर्ची लागत होती. सासऱ्यांची अख्खी व्यायामशाळा!

"बाबा, हे काय?"

"सुनेचं सुमोवर भाषण आहे, म्हणून सगळ्यांना फोन केले. आता लाजू नकोस, बोल!"

विभागप्रमुखांचा चेहरा पांढराफटक पडला. परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण काढलं. तिने घसा खाकरून सुरुवात केली. पाचव्याच मिनिटाला मागून हात वर.

"ताई, सुमोचं वजन किती?"

"अकरा किलोडाल्टन," सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

"अकरा किलो?" सभागृह हळहळलं. "आजारी आहे का हो?"

"अहो, किलो नाही! ते रेणूचं माप. तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही!"

"अरेरे," पुढच्या रांगेतले मिशीवाले म्हणाले, "पारच उतरलाय."

तिने हातातले कागद खाली ठेवले. आता बुडायचंच आहे, तर निदान हात-पाय मारून बुडू.

"उतरलेला असेना का, त्याची पकड बघा! एकदा चिकटला की समोरच्याची चालच बदलते."

"मग सोडवायला पंच नाही?"

"आहे ना! सोडवणारं वेगळं प्रोटीन असतं. आमचा अंदाज असा, की या गाठीत पंचच कामचुकारपणा करतो."

"हाकला त्याला!"

"हाकलला तर गाठ आणखी वाढेल. त्याला कामाला लावायचंय."

"म्हणजे तुमचं औषध," परीक्षक बाई एकदम उभ्या राहिल्या, "पंचाच्या तोंडात शिट्टी!" आणि स्वतःच खळखळून हसल्या. "इतकी वर्षं तुमचे अहवाल वाचतेय, बाई. कळलं मात्र आज. दोन वर्षं दिली!"

टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. सासऱ्यांनी पहिलवानांकडे असं पाहिलं, जणू सुमो त्यांनीच तयार केला होता.

गर्दी पांगली. ती वायरी गुंडाळत होती. पडद्यावर शेवटचं चित्र तसंच राहिलं होतं: एक मोठा तपकिरी डोळा, बुबुळापाशी काळसर गाठ, खाली रुग्णाच्या नावाच्या जागी नुसता एक आकडा. लेक नुकतीच आकडे वाचायला शिकली होती. टाचा उंचावून, बोट लावून तिने वाचला आणि मान वळवली.

"आई, सतरा म्हणजे कोण गं?"